सॉकेट नवं बसवलं, पण अर्थिंगचं काय?



गोठ्यातली कडबाकुट्टी असो की ओसरीवरची पिठाची गिरणी, तिचा बोर्ड बऱ्याचदा पत्र्याच्या पेटीत असतो. सॉकेट जळालं की आपण नवं आणतो. जुन्या दोन वायरी जोडल्या की मशीन सुरू होतं आणि काम झालं असं वाटतं. पण तिसरी वायर राहिलेली असते.

सॉकेटची खालची दोन भोकं फेज आणि न्यूट्रलची, वरचं मोठं भोक अर्थिंगचं. प्लगची वरची पिन मुद्दाम लांब केलेली असते. घालताना ती आधी टेकते, काढताना शेवटी सुटते. पण भोकामागे अर्थिंगची हिरवी वायरच नसेल, तर ते भोक नुसतं दिसायला!

समजा, उंदरानं पेटीतली फेजची वायर कुरतडली आणि तांबं पत्र्याला टेकलं. आता अख्खी पेटी 230 व्होल्टची झाली. ओल्या गोठ्यात उभं राहून हात लावला, तर वीज अंगातून जमिनीत जाते. पेटीला अर्थिंग असेल तर विजेला सोपी वाट मिळते. म्हणून हिरवी वायर दोन्हीकडे हवी: सॉकेटच्या वरच्या स्क्रूला आणि पेटीच्या पत्र्यालाही, रंग खरवडून घट्ट.

काही जण अर्थिंगची जागा न्यूट्रलला जोडून देतात. हे कधीही करू देऊ नका. न्यूट्रल तुटला, की वीज थेट मशीनच्या पत्र्यात उतरते.

अर्थिंगचा खड्डाही बघा. पारनेर, पाथर्डी, जामखेडकडची मुरमाड जमीन उन्हाळ्यात सुकते आणि अर्थिंग कमजोर होतं. खड्ड्यात पाणी घालत राहा. तरीही फ्यूज उडेलच असं नाही. म्हणून 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. वीज जमिनीत गळू लागली की ती क्षणात पुरवठा तोडते. अधूनमधून तिचं ‘टेस्ट’ बटण दाबा. ती पडली नाही, तर बदलून घ्या.

हे काम परवानाधारक वायरमनचं. गटाच्या पुढच्या बैठकीत कुणाकडे पत्र्याचे बोर्ड आहेत त्याची यादी करा आणि एकाच दिवशी वायरमन बोलवा. काम झाल्यावर पेटी बंद करण्याआधी त्याला म्हणा, “दादा, हिरवी वायर कुठं कुठं जोडली, ते दाखवा.”