चांदवडचा वल्हेकरी

नाशिकच्या द्वारका चौकात दोन मोठे रस्ते एकमेकांना भेटतात, मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे. आग्रा रस्त्याने निघालात की पिंपळगाव मागे टाकून चांदवड येतं. या दुष्काळी तालुक्यातलं तळेगाव रोही हे दत्तू भोकनळचं गाव. नावात तळं, पण हा मुलगा वडिलांबरोबर विहिरी खोदायला जायचा. २०११ मध्ये वडील गेले आणि पुढच्या वर्षी तो सैन्यात भरती झाला. पुण्याला गेला आणि तिथे उंची बघून त्याला वल्ही देण्यात आली. पाण्याची त्याला सुरुवातीला भीतीच वाटायची!

मंडळी, एकेरी नौकानयन म्हणजे काय ते जरा समजून घेऊ. होडी सुमारे ८ मीटर लांब आणि वजनाला किमान १४ किलो. म्हणजे घरातल्या रिकाम्या गॅस सिलिंडरहून थोडी हलकीच. रुंदी जेमतेम माणूस मावेल एवढी. दोन्ही हातांत एकेक वल्हं, आणि पाठ शेवटच्या रेषेकडे! मागे पडलेले दिसतात, पुढे गेलेले दिसत नाहीत. बैठक रुळांवर सरकते, त्यामुळे खरा जोर हातांपेक्षा पायांचा लागतो. अंतर २००० मीटर. विहिरीच्या कामात कमावलेली पाठ आणि मांड्या इथे उपयोगी पडल्या असतील, असं मला आपलं वाटतं.

एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगजू इथे ऑलिंपिकची आशियाई पात्रता शर्यत झाली. कोरियाने तिथल्या तलावावर २०१३ ची जागतिक स्पर्धाही भरवली होती. दत्तूने रौप्यपदक मिळवून रिओचं तिकीट काढलं. घरी आई डोक्याला मार लागून अंथरुणावर होती. मुलाने काय मिळवलं, हे कळण्याच्या स्थितीत ती नव्हती.

रिओला गेलेला भारताचा तो एकमेव नौकानयनपटू. तिथे तो तेरावा आला. हा आकडा पाहून अनेकांनी नाक मुरडलं, पण हिशेब असा असतो: पहिले सहा ‘अ’ अंतिम फेरीत, पुढचे सहा ‘ब’मध्ये. दत्तू ‘क’ अंतिम फेरीत होता आणि ती त्याने जिंकली. म्हणून तेरावा.

२०१८ ची आशियाई स्पर्धा. पालेमबांगला आजारी असताना एकेरीत तो सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या होडीत सुवर्णपदक! दोनच दिवसांनी त्याच पाण्यावर उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या मुलींनी एकाच ड्रॅगन बोटीत बसून सोनं जिंकलं. बहुविध क्रीडास्पर्धेत एकत्रित कोरियाचं ते पहिलं सुवर्ण.

एकेरीत मुद्दाम कमी पडल्याचा ठपका ठेवून भारतीय महासंघाने २०१९ मध्ये दत्तूवर दोन वर्षांची बंदी घातली. आजारी माणसाला ही शिक्षा मला तरी जास्तच वाटली. २०२० च्या जानेवारीत बंदी उठली, आणि त्याच वर्षीच्या अर्जुन पुरस्कारांच्या यादीत दत्तू बबन भोकनळ हे नाव होतं.