शंभर आत्ता की दीडशे नंतर?

वर्गात एक साधा प्रश्न विचारून पाहा. आत्ता १०० रुपये हवेत, की १० दिवसांनी १५०? बरेच हात 'आत्ता'साठी वर येतील. आता प्रश्न थोडा बदला. ३० दिवसांनी १०० हवेत, की ४० दिवसांनी १५०? या वेळी थांबायला तयार असणारे वाढलेले दिसतील. जादा वाट पाहायची ती दोन्ही वेळा दहाच दिवसांची. मग मत का बदलते?

लाभ जितका लांब, तितकी त्याची मनातली किंमत कमी, हे आपण जाणतोच. ती किंमत घसरते कशी, यात खरी गोम आहे. कबुतरांवरील प्रयोगांवरून जेम्स मेझूर यांनी १९८७ साली एक सूत्र मांडले. लाभाला (१ + क × दिवस) या संख्येने भागायचे. 'क' म्हणजे उतावळेपणाचे माप. समजा, क = ०.१ आहे. मग १० दिवसांनंतरच्या १५० ची आजची किंमत १५० ÷ २ = ७५. हातातले १०० सहज जिंकतात. पण ३० दिवसांनंतरचे १०० म्हणजे १०० ÷ ४ = २५ आणि ४० दिवसांनंतरचे १५० म्हणजे १५० ÷ ५ = ३०. पारडे फिरले!

सकाळी 'आजपासून तंबाखू बंद' म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. तेव्हा पुडी लांब असते, म्हणून आरोग्याचे पारडे जड असते. संध्याकाळी टपरी समोर आली, की ते फिरते. १९९७ साली अमेरिकेत ग्रेगरी मॅडन, वॉरन बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात अडकलेल्यांमध्ये हा 'क' इतरांपेक्षा बराच मोठा आढळला.

मग उपाय काय? पहिला उपाय म्हणजे पारडे फिरण्याआधीच वाट बंद करणे. जॉर्ज एन्सली यांच्या १९७४ च्या प्रयोगात कबुतरे थोडे पण लगेच मिळणारे दाणे सोडत नसत. मात्र मोह समोर येण्यापूर्वीच तो टाळणारी कळ दिली, तेव्हा दहापैकी तीन कबुतरे ती नेमाने दाबू लागली. घरी जायचा रस्ता बदलणे, खिशात सुटे पैसे न ठेवणे या अशाच कळा आहेत.

दुसरा उपाय म्हणजे लांबचा लाभ जवळ आणणे. व्हरमॉन्ट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी कोकेन सोडू पाहणाऱ्यांची लघवी आठवड्यातून तीनदा तपासली. तपासणी निर्दोष निघाली, की लगेच उपयोगी वस्तूंसाठी कूपन मिळे आणि सलग यशाबरोबर त्याची किंमत वाढत जाई. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ४० रुग्ण होते. कूपन मिळणाऱ्यांपैकी ७५ टक्क्यांनी २४ आठवड्यांचे उपचार पूर्ण केले, तर कूपन न मिळणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांनी.

या योजनेतला एक नियम आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. तपासणीत कोकेन आढळले, तर कूपनची किंमत पुन्हा तळाला येई. पण नंतरच्या सलग पाच निर्दोष तपासण्यांनी ती पूर्वपदावर आणता येई. म्हणजे घसरल्याची किंमत मोजावी लागे, पण परतीचा रस्ता खुला राही आणि तो जवळचाही असे.

तंबाखू सोडण्याची शपथ घेतलेला एखादा विद्यार्थी चौथ्या दिवशी पुडीसह सापडला, तर आपण त्याला काय म्हणतो? 'तुझ्यात निश्चयच नाही' म्हणण्याऐवजी ती कुठे, किती वाजता आणि कुणाबरोबर हाती आली, हे विचारावे. मग उद्याच्या एका दिवसाचा बेत त्याच्याबरोबर आखावा आणि परवा सकाळी आठवणीने त्याची चौकशी करावी.