पांदणीच्या मापाचं चाक

देगलूरहून होट्टलच्या अंगाला निघालं की डांबर आहे तोवर कुठलीही गाडी चालते. अडचण त्यापुढच्या पाऊण किलोमीटरची आहे. डांबर सोडून वळलं की दोन्ही बाजूंनी बाभळी, मधून पांदण आणि पांदणीच्या टोकाला माझं शेत. उन्हाळ्यात ही वाट फरशीसारखी टणक असते. मृगाचे दोन पाऊस पडले की तिचीच राड होते आणि माणूस चप्पल हातात घेऊन चालायला लागतो.

गेल्या हंगामात सोयाबीनचे पंधरा कट्टे हौद्यात टाकून निघालो आणि परतीच्या पावसानं गाठलं. गाडी माझी २०१७ सालची, जुन्यात घेतलेली इसुझूची व्ही-क्रॉस, फोर व्हील ड्राइव्हवाली. गिअरजवळचं बटन फिरवून चारी चाकांना ताकद दिली. चारी चाकं फिरली, गाडी मात्र तसूभर हलली नाही. खाली उतरून बघितलं तर टायरवर नक्षीच दिसेना. खाच न् खाच काळ्या मातीनं भरून चाकाचा गुळगुळीत रूळ झालेला. शेजारच्यानं ट्रॅक्टर आणून साखळीनं ओढून काढलं आणि जाता जाता म्हणाला, “चारी चाकं फिरायलीत खरं, पण एकाच्या बी पायात नाल नाही.”

नाल बदलायची ठरवली. तिथून पुढचे पंधरा दिवस आकड्यांत गेले.

नांदेड-हैदराबाद रस्त्यावरच्या ज्या टायरच्या दुकानात मी जातो, तिथं पिकअपचे टायर कोपऱ्यात असतात. दर्शनी बाजूला ट्रॅक्टरचे: मागचे १३.६-२८, पुढचे ६.००-१६. या तालुक्याचा धंदा त्यांच्यावर चालतो. दुकानातले चाचा टॉमीनं टायर डिस्कवरून असा उतरवतात की भुईमुगाची शेंग सोलावी. मी पुतण्यानं पुण्याहून पाठवलेला फोटो दाखवला. अठरा इंची अलॉय, रुंद टायर, मडगार्डाबाहेर आलेलं चाक. चाचांनी फोटो बघितला, मग माझ्याकडं.

“टायर घ्यायलाव का गाडीचा ट्रॅक्टर करायलाव?”

मग त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि चौकटीवर चिकटवलेली पट्टी बोटानं पुसली. कंपनीनं गाडीला कुठलं माप दिलंय आणि हवा किती भरायची, ते तिथं लिहिलेलं असतं. वर्षभर दार उघडतोय, पण ती पट्टी मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. माप होतं २४५/७० आर १६.

हे माप म्हणजे तीन वेगवेगळ्या भाषांचं कडबोळं आहे. २४५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० ही टक्केवारी: टायरच्या बाजूची भिंत रुंदीच्या सत्तर टक्के उंच, म्हणजे एकशे साडेएकाहत्तर मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल. आणि १६ हा डिस्कचा व्यास, इंचांत. इंचाचे मिलिमीटर केले तर ४०६ होतात, त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की अख्ख्या चाकाची उंची ७४९ मिलिमीटर येते. एका फेऱ्यात चाक सुमारे २ मीटर ३५ सेंटिमीटर पुढं जायला हवं.

जायला हवं, पण जातं का? चाचांनी टायरवर आणि फरशीवर खडूची रेघ मारली. पोरानं गाडी हळू ढकलली. रेघ पुन्हा खाली आली तिथं दुसरी खूण केली आणि फीत लावली. २ मीटर २८. सात सेंटिमीटर कुठं गेले? थोडे झिजलेल्या रबरात, बाकीचे वजनात. गाडीखाली टायर दबतो, त्यामुळं जमिनीला टेकलेला भाग कागदावरच्या गोलापेक्षा चपटा असतो. वहीतला हिशेब दोन टायरांची आपापसात तुलना करायला चांगला. प्रत्यक्ष अंतर मोजायचं तर खडू बरा.

वहीत मग चार मापं मांडली. पहिलं पुतण्याच्या फोटोतलं, २५५/६० आर १८. याच गाडीच्या पुढच्या मॉडेलला कंपनीनं हेच माप दिलंय. उंची ७६३ मिलिमीटर. दुसरं २५५/७० आर १६. त्याची उंचीही ७६३. दोन्ही चाकं शेजारी उभी केली तर डोक्याला डोकं लागेल. फरक आत आहे. अठरा इंचीत भिंत १५३ मिलिमीटर, सोळा इंचीत जवळपास १७९. एकात धातू जास्त, दुसऱ्यात रबर जास्त. पांदणीतल्या दगडावर आदळताना आणि हवा कमी करून चिखल पार करताना कामाला येते ती ही भिंत. ती बुटकी असेल तर दगडाचा दणका थेट डिस्कला. शहरात जे रुबाबदार दिसतं, ते इथं वाकतं.

तिसरं २४५/७५ आर १६. नव्या थारच्या साध्या मॉडेलला हे माप येतं, त्यामुळं नांदेडात सहज मिळतं. उंची ७७४, म्हणजे मूळ मापापेक्षा सव्वातीन टक्के जास्त. चौथं २६५/७५ आर १६, मोठ्या बटनांचं, खास चिखलाचं. उंची ८०४. सात टक्क्यांच्याही वर.

हे चौथं माप सगळ्यांनाच आवडतं, मलाही आवडलं होतं. चाचांकडं असा एक वापरलेला टायर पडून होता. तो माझ्याच डिस्कवर चढवून पुढच्या डाव्या बाजूला लावला. सरळ चाकावर झकास बसला. मग स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि आतून खर्रर्र आवाज आला. मडगार्डाच्या आतल्या प्लास्टिकला मागच्या बाजूनं बटनं घासत होती, आणि तेही सपाट फरशीवर, रिकाम्या गाडीत. खड्ड्यात एक चाक वर दबलं आणि त्याच वेळी वळण आलं तर काय होईल, ते सांगायला कुणी लागलं नाही. लोक यावर प्लास्टिक कापतात, पत्रा ठोकून मागं घेतात, गाडी उचलून घेतात. एक माप चुकलं की पुढची चार कामं निघतात ती अशी.

तोच टायर आणि माझा जुना, असे दोन्ही मोंढ्यातल्या आडत्याच्या काट्यावर ठेवले. माझा झिजलेला चौदा किलो, बटनांचा तेवीस. एका चाकाला नऊ किलो. हे वजन हौद्यातल्या वजनासारखं पाट्यांवर बसत नाही, पाट्यांच्या खाली गरगर फिरतं. ते दर वेळी फिरवायला इंजिन राबतं आणि दर वेळी थांबवायला ब्रेक. त्यात चाक सात टक्क्यांनी उंच म्हणजे जमिनीवर पोचणारी ओढही जवळपास तेवढ्यानं कमी. चिखलात ताकद हवी म्हणून टायर घ्यायचा आणि त्याच टायरनं ताकद खायची.

स्पीडोमीटरही फसवतो. त्याला चाकाचे फेरे कळतात, उंची कळत नाही. २६५/७५ लावून काटा शंभरावर असेल तर गाडी एकशे सातनं पळत असते. किलोमीटरचा आकडा उलट कमी पडतो, म्हणून “टायर बदलल्यापासून अॅव्हरेज घसरलं” असं म्हणणाऱ्यांचं निम्मं दुःख नुसतं मोजमापाचं असतं.

रुंदीवर मात्र चाचांचं आणि माझं बरंच वाजलं. मी म्हणत होतो, रुंद टायर चिखलावर तरंगेल. ते म्हणाले, “तुमच्या आज्याच्या बैलगाडीचं चाक आठवा.” आठवलं. लाकडी आरे, मधे तुंबा, वरून लोहारानं तापवून चढवलेली लोखंडी धाव. उंच चाक आणि रुंदीला चार बोटं. ते चिखल कापत खाली जायचं आणि कडक थर लागला की त्यावर चालायचं. वाळूत रुंद चाक बरं, ते वर राहतं. पातळ चिखलाखाली मुरूम असेल तर अरुंद बरं. काळ्या रानात मुरूम फार खाली असतो, म्हणून तिथं कुठलंच चाक पुरत नाही, आणि म्हणूनच धाववाल्या गाड्याही आखापर्यंत रुतायच्या. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि रबराला चिकटून बसते. तिथं रुंदीपेक्षा महत्त्वाची नक्षी: खाचा इतक्या मोकळ्या हव्यात की चाक फिरताना माती भिरकावली जाईल. गच्च नक्षीत अडकलेली माती सुटत नाही. माझ्या जुन्या टायरचा रूळ झाला तो त्यामुळंच.

मग थेट मोठी बटनंच का नकोत? कारण मी पांदणीत रोज पाऊण किलोमीटर चालतो, पण राष्ट्रीय महामार्ग १६१ वर आठवड्याला शेकडो. मोठ्या बटनांचा टायर डांबरावर घोंघावतो, लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला कमी पडतो. म्हणून नक्षी मधली निवडली, दुकानात जिला ‘ए टी’ म्हणतात ती.

डिस्कबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण पैसे इथंच जास्त वाया जातात. बोलेरोला पाच नट, माझ्या गाडीला सहा. समोरासमोरच्या नटांच्या मधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १३९.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेपाच इंच. सहा नट आणि हेच माप जुळलं म्हणजे डिस्क बसली, असं मात्र नाही. मधलं भोक हबवर नेमकं बसायला हवं. आणि तिसरा आकडा ऑफसेटचा: डिस्क हबला टेकते ती जागा चाकाच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे. तो कमी केला की चाक मडगार्डाबाहेर येतं, फोटोत येतं तसं. मग बेअरिंगवर तरफेसारखा भार येतो, स्टिअरिंग खड्ड्याखड्ड्याला हातातून हिसका मारतं आणि उडालेला चिखल दाराच्या काचेपर्यंत पोचतो. माझी जुनी सोळा इंची डिस्क सरळ होती. ती ठेवली. ते पैसे पाचव्या टायरला आले.

पाचवा टायर ही चैन नाही. मी आधी हिशेब केला होता की मागचे दोन आत्ता, पुढचे दोन दिवाळीनंतर. दोन चाकं ओढणाऱ्या गाडीत असं चालून जातं. माझ्या गाडीत चारी चाकांना ताकद दिली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. जुन्या मापाचं चाक किलोमीटरला ४२५ फेरे घेतं, ७६३ उंचीचं चाक ४१७. एका किलोमीटरमागं आठ फेऱ्यांचं भांडण. चिखलात चाक घसरून ते मिटवतं. कोरड्या रस्त्यावर मिटायला जागा नसते, पीळ गिअरच्या पेटीत साठत जातो आणि कधीतरी काहीतरी तुटतं. म्हणून चारी चाकं एका मापाची, एका नक्षीची, एकाच वेळी बदललेली. आणि स्टेपनीही तीच.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. मडगार्डाबाहेर आलेलं चाक पोलिसाला लांबून दिसतं. अपघातानंतर विम्यावाल्याला त्याहून लवकर दिसतं. मी माप ठरवल्यावर विमा कंपनीला लेखी कळवलं.

शेवटी २५५/७० आर १६ घेतले. रुंदी दहा मिलिमीटरनं जास्त, उंची दोन टक्क्यांच्या आत, आणि कंपनीनं पुढच्या मॉडेलला स्वतःच दिलेली तीच उंची. २४५/७५ सोडले, कारण उंचीतला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा हा धंद्यातला अंदाज मला मोडायचा नव्हता. नांदेडात पाच एकसारखे मिळाले नाहीत, हैदराबादहून मागवावे लागले. आल्यावर प्रत्येकाच्या बाजूला दोन गोष्टी वाचल्या. एक, भार आकडा: १११ म्हणजे एका टायरला १०९० किलो. तो मूळ टायरपेक्षा कमी चालत नाही. दोन, तारखेचे चार आकडे: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. दुकानात चार वर्षं पडलेला टायर नवा दिसतो, पण नवा नसतो. बसवल्यावर पन्नासेक किलोमीटरनी नट पुन्हा आवळून घेतले.

आता जमिनीपासूनची उंची किती वाढली? चाक चौदा मिलिमीटरनी उंच झालं, पण आख त्याच्या निम्म्यानंच वर येतो. सात मिलिमीटर. करंगळीचीही जाडी नाही. मला जो फरक पडला तो नक्षीचा आणि हवेचा. पांदणीच्या तोंडाशी थांबून हवा बत्तीसवरून बावीसवर आणतो, टायर पसरतो, खाचा माती धरतात आणि सोडतात. परतताना डांबरावर चढण्याआधी छोट्या पंपानं पुन्हा भरतो. दहा मिनिटं जातात. कमी हवेवर महामार्गाला लागलं की टायर तापतो आणि फुटतो, तिथं आळस चालत नाही.

या पावसाळ्यात गाडी पांदणीतून भरलेली निघाली. एकदा तरीही रुतली, ओढ्याजवळच्या चाळीस फुटांत, जिथं पाणी साचतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघा शेजाऱ्यांनी वर्गणी काढून तिथं चार ट्रॉल्या मुरूम टाकला. त्यानंतर तिथून माझी गाडी तर जातेच, शेजाऱ्याची स्कूटरही जाते. टायर घ्यायला निघाला असाल तर आधी दाराची पट्टी वाचा, मग आपल्या वाटेचा सगळ्यात वाईट तुकडा पायी चालून बघा. तो चाळीस फुटांचाच निघाला, तर आधी मुरूम टाका.