मावळच्या सहलीचा शेवटचा थांबा

पुण्याहून सुटलेली लोकल सुमारे ६४ किलोमीटर धावून लोणावळ्याला थांबते. पुढे बोरघाट. मित्रमंडळींच्या पावसाळी सहलीचाही शेवटचा थांबा बहुतेक वेळा हाच.

सुरुवात मात्र एक स्टेशन अलीकडे, मळवलीला होते. तिथून पायी भाजे गाव आणि डोंगरातली लेणी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरलेल्या या लेण्यांतल्या चैत्यगृहात मान वर केली की लाकडी वासे दिसतात. दगडी छताला त्यांच्या आधाराची गरज नाही; लाकडी बांधकामाची जुनी सवय कारागिरांनी दगडातही जपली. पुढची चढण लोहगडाची. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ओलांडला की धुक्यात गडाची विंचूकाटा माची पसरलेली दिसते. २०२५ मध्ये या गडाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

संध्याकाळी ओल्या कपड्यांनी मंडळी लोणावळ्यात उतरतात, ती चिक्कीसाठी.

गुळाच्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर कडक झाला, की भाजलेले, सोललेले शेंगदाणे त्यात पडतात. तूप लावलेल्या पाटावर मिश्रण भराभर लाटायचं आणि गरम असतानाच वड्या कापायच्या. गार झालं की सुरी चालत नाही.

याच लोणावळ्यात ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. डोंगरावर पाऊस वाढला की ओढ्याचं पाणी काही क्षणांत चढतं. म्हणून प्रवाहात उतरू नका, सगळ्यांनी मिळून परतीची लोकल गाठा.