लांबच्या वाटेनं लवकर!

दिल्लीहून अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोला जायचंय. सगळ्यांत जवळची वाट कुठली? पृथ्वीगोल घ्या, दोऱ्याची दोन टोकं या दोन शहरांवर धरा आणि दोरा ताणा. अरेच्चा! दोरा तर उत्तरेकडे चढतो, सैबेरिया ओलांडतो आणि ध्रुवाच्या बाजूनं पलीकडे उतरतो. ही वाट सुमारे १२,४०० किलोमीटरची. भिंतीवरच्या सपाट नकाशात ती दिसतच नाही, म्हणून गोलच हवा.

पण विमानाला दोऱ्यासारखं जाता येत नाही. वाटेत हिमालय आणि तिबेटचं उंच पठार आहे. संकटात विमान पटकन खाली आणायचं, तर तिथं खाली जागाच नाही. म्हणून एअर इंडियाचं विमान युरोप आणि अटलांटिक महासागरावरून जायचं, जवळपास १३,९०० किलोमीटर.

ऑक्टोबर २०१६ मध्ये मात्र त्यांनी दिशाच उलटी केली. विमान पूर्वेला निघालं, जपानकडून प्रशांत महासागर ओलांडून गेलं. अंतर भरलं सुमारे १५,३०० किलोमीटर. म्हणजे तब्बल १,४०० किलोमीटर जास्त! आणि वेळ? साडेचौदा तास. जुन्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास कमी!

आता भागाकार करून बघा. ताशी १,०५० किलोमीटरच्याही वर वेग येतो. अशा विमानाचा स्वतःचा वेग असतो ताशी ९०० च्या आसपास. मग वरचे दीडशे कुणी दिले?

वाऱ्यानं! जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड, त्यात पृथ्वीचं फिरणं, यांतून ते तयार होतात. कधीकधी त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. नदीत प्रवाहाबरोबर पोहलं की हात तेवढेच मारूनही आपण भराभर पुढे जातो, तसंच विमानाचं होतं. अटलांटिककडून जाताना हाच वारा समोरून अडवायचा.

हे वारे जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून मोजले होते. केवढं मोठं काम! जगाला कळावं म्हणून त्यांनी ते एस्पेरान्तो या नव्यानं बनवलेल्या भाषेत छापलं. पण ती भाषा वाचणारे फार थोडे, त्यामुळे कित्येक वर्षं त्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

या प्रवासातली मला सगळ्यांत आवडणारी गंमत घड्याळाची आहे. समजा, विमान ऑक्टोबरात दिल्लीहून पहाटे चारला निघालं. थोड्या वेळात खिडकीतून सूर्योदय दिसेल, पुढे प्रशांत महासागरावर सूर्यास्त, मग रात्र. त्या दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असतं. म्हणजे उतराल तेव्हा तिथं सकाळचे सहा वाजलेले असतील, तारीख निघालात तीच असेल आणि त्या तारखेचा सूर्य तिथं अजून उगवायचा असेल!