पाण्याची बाटली आणि पासपोर्ट

बालमित्रांनो, आज एक कोडं घालते. रत्नागिरीतला जुलै महिना. बाहेर धो धो पाऊस. एका दप्तराला वरून जाड प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला, त्यावर सुतळीच्या गाठी. दप्तर एसटीत मांडीवर, खिडकीची काच घट्ट लावलेली. पावसाचा एक थेंबसुद्धा आत गेला नाही. तरी सकाळी मुंबईत दप्तर उघडलं, तर आतला पासपोर्ट ओलाचिंब! पाणी आलं कुठून?

शीर्षक वाचलं असेल तर उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. पाणी दप्तरातच होतं. खाऊच्या डब्याशेजारी, निळ्या झाकणाच्या बाटलीत. रात्री कधीतरी झाकण सैल झालं आणि बाटली निवांत रिकामी झाली. वरच्या प्लास्टिकनं मात्र आपलं काम चोख केलं. बाहेरचं पाणी आत येऊ दिलं नाही आणि आतलं बाहेर जाऊ दिलं नाही!

ही गोष्ट माझ्या भाच्याची. ताई आणि भावजी मस्कतला असतात. उन्हाळी सुट्टीत ताई भाच्याला घेऊन गावी येते आणि जुलै संपता संपता परत जाते. तेव्हा तो चौथीत होता. निघायच्या दिवशी म्हणाला, "मावशी, माझा पासपोर्ट मीच सांभाळणार. मी आता मोठा झालोय." ताई म्हणाली, "राहू दे गं त्याच्याकडे. जबाबदारी कळेल." मीही मान डोलावली. 'जबाबदारी' हा शब्द कानावर पडला की आम्हा शिक्षकांची मान आपोआप डोलते.

त्यांना पोचवायला मीही मुंबईपर्यंत गेले होते. नातेवाइकांकडे उतरलो आणि दप्तर उघडल्यावर सगळा प्रकार कळला. पासपोर्ट पुरीसारखा टम्म फुगलेला. पानं एकमेकांना चिकटलेली. एका जुन्या शिक्क्याची शाई जांभळी होऊन पसरलेली. भाचा हुंदके देऊ लागला. विमान त्याच रात्रीचं.

आणि मग मी, चौथीला परिसर अभ्यास शिकवणारी बाई, काय केलं असेन? इस्त्री मागितली. पासपोर्टवर रुमाल ठेवला आणि चांगली गरम इस्त्री फिरवली. पानं वाळली हो! पण फोटोच्या पानावरच्या पारदर्शक पापुद्र्याला फोड आले आणि एक कोपरा सुटून वर आला. मी तो बोटानं दाबून बसवला. मनात म्हटलं, चालून जाईल.

रात्री मी विमानतळाच्या काचेबाहेर उभी राहिले. तासाभरानं दोघं सामानाच्या ढकलगाडीसकट बाहेर आली. ताईनं सांगितलं ते असं. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट यंत्रावर एकदा धरला, दोनदा धरला, तीनदा धरला. मग फोटोचं पान तिरकं करून उजेडात पाहिलं.

"हा कोपरा कोणी उचकटलाय का?"

"नाही हो, बाटलीचं पाणी सांडलं."

"मला पटतंय. पण तिकडच्या अधिकाऱ्यांना ते कसं कळणार?"

मुलांनो, सगळी गोम या एका प्रश्नात आहे. कुणी लबाडानं दुसऱ्याचा पासपोर्ट घेऊन त्यातला मजकूर बदलायचा ठरवलं, तर तो काय करेल? वरचा पापुद्रा उचकटेल. खालची शाई पुसायला बघेल. आणि तो पासपोर्ट दिसेल कसा? अगदी आमच्यासारखा! पाण्यानं केलेली खराबी आणि माणसानं केलेली लबाडी वरवर पाहता सारखीच दिसते. अधिकारी तुमच्या चेहऱ्यावरून खरं-खोटं ठरवू शकत नाही. त्याच्या हातात असतं ते फक्त पुस्तक.

ते पुस्तक काही साधंसुधं नाही, बरं का! आपले पासपोर्ट छापले जातात आपल्याच नाशिक रोडला, भारत प्रतिभूती मुद्रणालयात. तिथंच टपालाची तिकिटंही छापतात. पहिल्या पानांवर आपल्या राष्ट्रपतींच्या नावानं इतर देशांना विनंती असते, की या व्यक्तीला विनाअडथळा जाऊ द्या आणि गरज पडली तर मदत करा. आणि गंमत म्हणजे, पासपोर्टवर नाव तुमचं, फोटो तुमचा, पण पासपोर्ट तुमचा नाही! १९६७च्या पासपोर्ट कायद्यानुसार तो कायम केंद्र सरकारच्या मालकीचा असतो. ग्रंथालयाच्या पुस्तकासारखा तो आपल्याला फक्त वापरायला मिळतो.

आता घरात पासपोर्ट असेल तर आई-बाबांना विचारून फोटोचं पान पाहा. (हात कोरडे करून!) तळाशी इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या दोन ओळी दिसतील. प्रत्येक ओळीत बरोबर ४४ घरं. जिथं अक्षर नाही तिथं बाणाच्या टोकासारखी खूण. या ओळी यंत्रासाठी. जगातल्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट घ्या, त्यावरच्या या ओळींची पद्धत एकच. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं ती ठरवून दिली आहे.

त्यात एक छानसं गणित लपलंय. समजा, तुमची जन्मतारीख १५ ऑगस्ट २०१४. यंत्रासाठी ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहितात : १४०८१५. आता या सहा अंकांना क्रमानं ७, ३, १, ७, ३, १ यांनी गुणा. उत्तरं येतील ७, १२, ०, ५६, ३, ५. बेरीज ८३. तिचा शेवटचा अंक ३. हा ३ जन्मतारखेच्या लगेच पुढच्या घरात छापलेला असतो. तो झाला पडताळा अंक.

आता पाण्यानं इंग्रजी आठच्या आकड्याची डावी बाजू पुसली, तर तो यंत्राला तीन वाटेल. मग ५६च्या जागी २१ येतील, बेरीज होईल ४८ आणि शेवटचा अंक ८. छापलेला अंक तर ३! यंत्र म्हणतं, जुळत नाही. पासपोर्टचा नंबर आणि मुदतीची तारीख यांनाही असाच पडताळा अंक असतो. तुमच्या जन्मतारखेचा काढून पाहा बरं.

आता माझ्या इस्त्रीकडे येते, टाळून चालायचं नाही. कागद म्हणजे झाडापासून मिळालेल्या बारीक तंतूंची जाळी. या तंतूंना पाणी भारी आवडतं. पाणी शिरलं की ते फुगतात, एकमेकांचे हात सोडतात आणि वाळताना जमेल तसे, वेडेवाकडे पुन्हा धरतात. म्हणून वाळलेला कागद सुरकुततो. पण फोटोच्या पानावरचा पारदर्शक पापुद्रा फुगत नाही. खालचा कागद ताणला जातो, वरचा जागेवर राहतो आणि मधला डिंक सुटू लागतो. त्यात मी दिली उष्णता! डिंक आणखी मऊ झाला, आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली आणि आले फोड. भारतात २०२४ पासून ई-पासपोर्ट द्यायला सुरुवात झाली. त्यांच्या मुखपृष्ठावर एक लहानसं सोनेरी चिन्ह असतं आणि आत नाजूक चिप असते. अशा पासपोर्टवर इस्त्री फिरवली तर काय होईल ते सांगायलाच नको.

तेव्हा पासपोर्ट भिजलाच, तर इस्त्री नको, तवा नको, हेअर ड्रायर नको, कडक ऊनही नको. तांदळाच्या डब्यात पुरणंही नको, तांदळाची पूड पानांत जाऊन बसते. चिकटलेली पानं ओढू नका. टिपकागद किंवा स्वच्छ पांढरा सुती कपडा घेऊन वरून अलगद दाबायचं, घासायचं नाही. पानं आपणहून सुटतील तशी त्यांच्यामध्ये टिपकागद घालायचे आणि ओले झाले की बदलायचे. मग पुस्तक पंख्यासारखं उघडून टेबलावर उभं करायचं आणि छतावरचा पंखा हळू लावायचा. जवळजवळ वाळलं की वर दोन जाड शब्दकोश ठेवायचे. याला एखादा दिवस सहज लागतो. आमच्यापाशी तो नव्हता, म्हणून तर मी घाई केली.

पण मुळात भिजूच नये म्हणून काय करायचं? पहिली गोष्ट, पासपोर्ट आणि पाण्याची बाटली यांना एका कप्प्यात ठेवायचं नाही. पासपोर्टचं चामड्यासारखं दिसणारं कव्हर पाणी अडवत नाही, उलट दोन्ही बाजूंनी धरून ठेवतं. दाबून बंद होणारी जाड प्लास्टिकची पिशवी घ्या. आत हवा कमीत कमी राहील अशी दाबून बंद करा आणि ती तशाच दुसऱ्या पिशवीत उलटी घाला. म्हणजे आतल्या पिशवीचं तोंड बाहेरच्या पिशवीच्या तळाशी गेलं पाहिजे.

पिशवी खरंच पाणी अडवते का, हे दुकानदाराला विचारू नका. बादलीला विचारा. पिशवीत टिपकागद ठेवा, या वेळी थोडी हवा राहू द्या आणि बंद करून पाण्याखाली हातानं दाबा. बुडबुडे निघाले की समजायचं, गळती आहे. नाही निघाले तर वर वजन ठेवून अर्धा तास बुडवून ठेवा. मग टिपकागद काढून पाहा. कोरडा असेल तरच पिशवी पास!

आणखी एक शत्रू आहे, तो दिसत नाही. मे महिन्यात गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, पाहिलंय ना? तसंच दमट हवा पिशवीत कोंडली आणि पिशवी वातानुकूलित डब्यात गार पडली, की आत दव धरतं. म्हणून पासपोर्ट कोरड्या खोलीत, कोरड्या हातांनी पिशवीत घाला. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची लहान पुडी मिळते, ती आत टाकली तर उत्तम. ती ओलावा शोषते. (पुडी खायची नाही आणि धाकट्या भावंडांच्या हाती द्यायची नाही.) पॅंटच्या मागच्या खिशात किंवा पोटाला बांधायच्या पट्ट्यात उघडा ठेवलेला पासपोर्ट घामानंही भिजतो.

आता चार ओळी आई-बाबांसाठी. भिजलेला पासपोर्ट "चालून जाईल" म्हणून विमानतळावर नेऊ नका. नाव, नंबर आणि फोटो नीट ओळखू येत असेल तर कार्यालय तो अंशतः खराब धरतं आणि काम पुष्कळ सोपं जातं. ते ओळखू येत नसेल तर वेळ जास्त लागतो. दोन्हीकडे पुन्हा अर्ज करावा लागतो आणि नव्या पासपोर्टचा नंबर वेगळा येतो. तेव्हा जुन्या नंबरावरचे व्हिसा आणि इतर कागद तपासून घ्या. परदेशात असं झालं तर आपल्या दूतावासात जावं. अगदी अडचण असेल तर मायदेशी परतण्यापुरतं तात्पुरतं प्रमाणपत्र तिथं मिळतं. पासपोर्टच्या छायाप्रती वेगळ्या पिशवीत ठेवा. छायाप्रतीवर प्रवास करता येत नाही, पण नंबर तरी हाताशी राहतो.

"बाई, आमच्याकडे पासपोर्टच नाही," असं माझ्या वर्गातली मुलं म्हणाली होती. पण रेशनकार्ड आहे ना? जन्माचा दाखला, ताईची दहावीची गुणपत्रिका? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर घराघरांत दोरीवर कपड्यांऐवजी कागद वाळत घातलेले मी पाहिलेत. बादलीची परीक्षा त्या कागदांच्या पिशवीलाही लागू आहे.

आमच्या भाचेबुवांचं पुढं काय झालं, ते राहिलंच. दोघांची तिकिटं वाया गेली. भावजींचं संमतिपत्र मस्कतहून यायचं होतं, मग अर्ज, मग वाट पाहणं. तिकडे त्याची शाळा सुरू झाली आणि हा साडेतीन आठवडे माझ्या चौथीच्या वर्गात शेवटच्या बाकावर. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन त्यानं आमच्या शाळेत केलं. एकदा जेवताना त्यानं विचारलं, "मावशी, माझ्यामुळे झालं ना सगळं?" मी म्हटलं, "अर्धं तुझ्या बाटलीमुळे आणि अर्धं माझ्या इस्त्रीमुळे." तेव्हा कुठे तो पोटभर जेवला.

नवा पासपोर्ट हातात आला त्या संध्याकाळी त्यानं अंगणात बादली मांडली. बाजारातून आणलेल्या तीन पिशव्या एकेक करून बुडवल्या. दोन पास झाल्या. एकीतून बुडबुडे निघाले. पास झालेल्या दोघी एकीत एक अशा त्याच्याबरोबर मस्कतला गेल्या. ताईनं पासपोर्ट स्वतःकडे मागितला नाही आणि त्यानंही दिला नाही. बाटली मात्र त्यानं दप्तराच्या बाहेरच्या जाळीत अडकवली होती, तीही रिकामी.

नापास झालेली तिसरी पिशवी आता माझ्या वर्गात असते. मी तिच्यात खडू ठेवते.