कॅबिनेटच्या आत : गिरणी सुरू झाली की गेम बंद

ग्राफिक्स कार्डावरची पेस्ट बदलण्याचा विषय या आठवड्यात घेणार होतो. तो पुढे ढकलतो, कारण वडशाकडच्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि ते वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

त्यांचा संगणक गेम खेळताना अचानक रीस्टार्ट होतो. निळा पडदा नाही, आवाज नाही. चित्र जातं आणि कंपनीचा लोगो येतो. रॅम बदलून झाली, विंडोज नव्याने टाकून झालं. नागपूरच्या दुकानात तोच डबा दिवसभर गेम चालवून पाहिला, तिथे एकदाही बंद पडला नाही. घरी सकाळी तासन्‌तास चालतो, दुपारनंतर मात्र हमखास जातो. सगळे म्हणतात, ग्राफिक्स कार्ड गेलं. आणि पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे : घरामागे राईस मिल आहे, दुपारनंतर तिचा आवाज फार होतो म्हणून दार लावून खेळतो.

मला त्या मिलमध्येच रस आहे.

मोटार सुरू होताना पहिले काही क्षण ती नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. मिल तुमच्याच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर असेल आणि घर लाईनच्या शेवटच्या खांबाजवळ असेल, तर तेवढ्यापुरता २३० व्होल्टचा आकडा १७० वरही येऊ शकतो. आपल्याकडे ‘लाईन डिम झाली’ म्हणतात ते हेच. पण मग तो डिमपणा गेम खेळतानाच का नडतो, यूट्यूब पाहताना का नाही? माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे.

वीज सेकंदाला ५० फेऱ्या करते आणि प्रत्येक फेरीत दोन शिखरं असतात. म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक शिखर. एसएमपीएसमधले, म्हणजे संगणकाला वीज देणाऱ्या पेटीतले मोठे कपॅसिटर शिखरावर भरून घेतात आणि पुढचं शिखर येईपर्यंत साठ्यावर निभावतात. स्वस्तातल्या एसएमपीएसमध्ये ४७० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले असतात असं धरा. २३० व्होल्टला शिखर ३२५ चं येतं. आतला दाब २०० व्होल्टच्या खाली गेला की पुढचे १२ व्होल्ट टिकत नाहीत असं मानलं, तर हाताशी साडेसात ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. गेममध्ये संगणक ३५० वॉट खात असेल, तर एसएमपीएस भिंतीतून ४४० च्या आसपास ओढतो आणि दोन शिखरांमध्ये त्याला सुमारे ४ ज्यूल लागतात. निभतं.

आता लाईन १७० वर आणा. शिखर २४० चं. २०० च्या वर उरतात जेमतेम २ ज्यूल, लागतात ४. नुसतं ब्राउझर उघडं असताना मात्र १ ज्यूलसुद्धा पुरतो, म्हणून तेव्हा काहीच कळत नाही. तीच लाईन, तोच डबा. फरक फक्त भुकेचा. गेममध्येच बंद पडतो एवढ्यावरून ग्राफिक्स कार्डाला दोषी धरणं मला अजिबात मान्य नाही.

बंद न पडता रीस्टार्ट का होतो, हेही यातच आलं. मदरबोर्डाच्या २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये एक राखाडी वायर असते. ‘वीज ठीक आहे’ हा निरोप तिच्यावरून जातो. निरोप तुटला की बोर्ड सगळं थांबवतो, पुन्हा आला की पहिल्यापासून सुरू करतो. याउलट प्रोसेसर अति तापला तर तो आधी वेग कमी करतो, मग डबा बंद होतो आणि बहुतेकदा बंदच राहतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसणारी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद म्हणजे नुसता पंचनामा. नीट बंद न होता संगणक पुन्हा सुरू झाला, एवढंच ती सांगते. का झाला ते सांगत नाही.

पडताळा घ्यायला पैसे लागत नाहीत. ज्या स्विचबोर्डावर संगणक आहे त्याच बोर्डावर जुना, तारेचा ६० वॉटचा बल्ब लावा. एलईडी चालणार नाही. चांगला एलईडी आतल्या सर्किटमुळे व्होल्टेज पडलं तरी तसाच उजळत राहतो, आणि म्हणूनच हल्ली लाईन डिम झालेली घरात कुणाला कळत नाही. मल्टीमीटरही या कामात मागे पडतो. त्याचा आकडा सेकंदात दोन-तीनदाच बदलतो. गेम चालू ठेवा आणि मिल सुरू व्हायची वाट पाहा. बल्ब लालसर झाला आणि त्याच क्षणी लोगो आला, तर कार्डाला हात लावू नका.

मग एसएमपीएसचं लेबल वाचा. १००-२४० व्होल्ट असं लिहिलं असेल, तर आत बहुधा ॲक्टिव्ह पीएफसी आहे. अशा एसएमपीएसमध्ये बाहेर १७० असलं तरी आतला दाब ३८० च्या आसपास राखला जातो. मागे ११५/२३० चा लाल स्विच असेल, तर ती सोय नाही. तो स्विच हलवू नका. एसएमपीएस उघडूही नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट उरलेले असू शकतात. डबा बंद पडण्यात आपल्या उन्हाळ्याचाही वाटा आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ हिशेब आहे, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नवा असताना निभावणारा डबा तीन उन्हाळ्यांनंतर निभावत नाही, तो यामुळे.

चंद्रपूरच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय : ऊर्जानगरचं २९२० मेगावॉटचं केंद्र उशाशी असताना व्होल्टेज कमी कसं? वीज किती बनते यावर घरातलं व्होल्टेज ठरत नाही. डीपीपासून घरापर्यंतची तार किती लांब, किती जाड आणि तिच्यावर भार किती, यावर ठरतं. याच चंद्रपुरातून १९९९ पासून पडघ्यापर्यंत ७५० किलोमीटरची ५०० किलोव्होल्टची डीसी लाईन जाते. एसी घेऊन त्याचं डीसी करायचं, हेच काम आपला एसएमपीएसही करतो. त्या लाईनबद्दल मला एक अख्खा भाग लिहायचा आहे, लिहीनच.

गडचिरोलीच्या आतल्या भागात आणखी एक प्रकार होतो. पावसाळ्यात बांबू किंवा फांदी ११ केव्हीच्या तारेला टेकते, फीडर क्षणभर कोसळतो आणि परत येतो. व्होल्टेजमधला हा खड्डा १०० मिलिसेकंदांचाही असू शकतो. तिथे चांगला एसएमपीएससुद्धा पुरत नाही, यूपीएसच लागतो. रिलेचा स्टॅबिलायझर अशा वेळी पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. यूपीएस घेताना व्हीए नको, वॉट बघा : ६०० व्हीएवाला साधारण ३६० वॉटच देतो, आणि गेम चालू असताना एसएमपीएसला ४४० लागत असतील तर तो लाईन जाताच स्वतःच बसतो. मॉनिटरचे वॉटही त्यातच धरा.

वडशाच्या वाचकांनी बल्बचा निकाल आणि लेबलवरचा आकडा तेवढा कळवावा. पेस्ट पुढच्या आठवड्यात.